हेडमास्तरचा खोकला

नकल्याची आठवण म्हणून हसायच्या तयारीनं बसलात ना? बसा. आमचं गावबी तसंच बसलेलं असायचं.

आखाडा बाळापूरच्या शाळेत मी हेडमास्तरचा आवाज काढायचो. नाकातून बोलायचं, मधीच खोकायचं. तेवढ्यावर सगळ्यांनी मला नकल्या ठरवलं. पुढं मी पाणी मागितलं तरी लोक हसायचे. डीएडला गेल्यावर मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलं, याला भूमिका म्हणतात. चारचौघं देतात, आपण वागवायची. परत घ्या म्हणलं तर कुणी घेत न्हाई. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं. ते मला दहावीतच कळलं व्हतं.

माझा दोस्त तांड्यावरचा, गणितात वर्गात पहिला. त्याचे मायबाप दरसाल ऊसतोडीला जायचे अन् हा आजीपाशी राहून शिकायचा. त्या साली मायची कंबर धरली. उसाच्या फडात जोडी लागते, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. बापानं मायच्या जागी यालाच घेतलं.

दिवाळी झाली अन् मुकादमाचा ट्रक चौकात लागला. भांडीकुंडी, कोंबड्या, माणसं, सगळं वर. दोस्त मागच्या फाळक्यापाशी बसलेला. मी त्याच्या बापाला म्हणलं, "काका, याला उतरवा. तुमच्या जोडीला मी येतो. मला तसंबी पास व्हायचं न्हाई."

"काय?" बाप म्हणला.

परत सांगायला तोंड उघडलं, तर खराच खोकला आला.

बस्स. वरून एक जण ओरडला, "अबे, हेडमास्तर आला ऊस तोडायला!" तो हसला म्हणून दुसरा हसला, मग सगळा ट्रक.

"खरंच म्हणून राहिलो, काका!"

"आता छडी मार, सर!"

बाप डोळे पुसत म्हणला, "लई हसवतं बाप्पा हे पोरगं."

मी दोस्ताकडं बघितलं. त्याला तरी माहीत व्हतं, ही नक्कल न्हाई. तो माझ्याकडं बघत व्हता, मग आजूबाजूला बघितलं, अन् तोबी हसला. ट्रक सुटला. तो शाळेत परत आला न्हाई.

घरी जाईस्तोवर बातमी माझ्याआधी पोचलेली. दादा, म्हंजी माझा बाप, दारातच उभा.

"लेकराची शाळा सुटून राहिली अन् तुला टिंगल सुचती? काही लाज?"

"दादा, मी खरंच जाणार व्हतो."

"झालं सुरू तुझं!"