गिअरबॉक्समधले राज्यपाल

सरकारी कामकाज यापुढे मराठीतून करावं, असं परिपत्रक आलं तेव्हा आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त आनंद मला झाला. मी टंकलेखिका होते, पंचविशीची, मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि डोक्यात शुद्ध भाषेची हवा शिरलेली. फाइलला 'नस्ती' म्हणणारी अख्ख्या सिव्हिल लाइन्समध्ये मी एकटीच असेन.

ऑफिस विहिरींच्या पाण्याचं सर्वेक्षण करायचं. काही परदेशी तज्ज्ञ आमच्याकडे काम करून परत गेले आणि जाताना त्यांची जुनी, अवाढव्य गाडी मागे ठेवून गेले. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत असल्यामुळे ती नाल्याच्या रेतीतूनही निघायची. पण तिला क्लचच नव्हता, गिअर ती स्वतः बदलायची. आमच्या तिन्ही ड्रायव्हरांनी तिला लांबूनच हात जोडले.

चौथे ड्रायव्हर दारापाशी स्टुलावर बसलेले असायचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. वर्षानुवर्षं जीप दामटून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून साहेबांनी त्यांना शिपायाच्या कामाला लावलं होतं. डाव्या पायाला कामच नसलेली गाडी त्यांच्यासाठीच आल्यासारखी होती, पण दादांचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"हे गाडी बिघडून राहिली, बाई," ते मला म्हणाले. "कधी वीसवर गिअर बदलते, कधी चाळीसवर. तिच्या मनात काय आहे हेच मले समजत नाही, तं चालवू कसा?"

साहेबांनी दहा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात दादांना गाडी जमली तर दौऱ्यावर तीच न्यायची आणि ती दादांनीच चालवायची. नाहीतर गाडी लिलावात आणि दादा पेन्शनीपर्यंत स्टुलावर. गाडीचं इंग्रजी पुस्तक मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भाषा येत होती ना! मी पदर खोचला.

काय काय प्रताप केले मी. ॲक्सिलरेटरचं पेडल तळापर्यंत दाबलं की गाडी खालच्या गिअरवर येते, त्याला पुस्तकात 'किकडाउन' म्हटलं होतं. मी लिहिलं, 'लत्ताप्रहाराने अधोगमन'. आणि 'गव्हर्नर' शब्द आला तेव्हा तर मी क्षणभरही थांबले नाही. लिहिलं, राज्यपाल.

दुपारी गाडीत बसून मी दादांना वाचून दाखवायची. "वेग वाढताच राज्यपाल तेलावर दाब आणतात व उच्च दंतचक्राची नियुक्ती करतात."

दादांनी वाकून बॉनेटकडे बघितलं. "राज्यपाल काहून?"

"तसं लिहिलंय."

"हिवाळी अधिवेशनाच्या टायमालेच दाब आणतात, का बारा महिने?"

आज हे आठवलं तरी पोट दुखेस्तोवर हसते, पण तेव्हा मी चिडले होते. सात दिवस असे गेले. दादा सगळं मुकाट ऐकायचे आणि राज्यपालांचं नाव आलं की सावरून बसायचे. आठव्या दिवशी मी वैतागून पुस्तकच त्यांच्यापुढे धरलं आणि चित्रावर बोट ठेवलं. "हे बघा, हा गव्हर्नर."

"गव्हर्नर?" दादांचा चेहरा उजळला. "अवो बाई, मंग तसं म्हणा ना जी. आमच्या वावरातल्या इंजिनाले हाये गव्हर्नर. गरगर फिरला का त्याचे गोळे फाकतात, तोच ना?"

तोच होता. चाकं जोरात फिरली की यातलीही वजनं बाहेर फेकली जातात, तेलाचा दाब वाढतो आणि तो दाब वरचा गिअर टाकायला बघतो. हे चित्र दादांनीच मला समजावलं. मग त्यांनी विचारलं, "समोरून त्याले कोण अडवते?" मी पानं उलटली. अडवत होता ड्रायव्हरचा उजवा पाय. पेडल जितकं दाबावं तितका उलट बाजूनं दाब येतो आणि गिअर उशिरा बदलतो.

दादांनी उजव्या पायानं पेडल दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हलका पाय ठेवला तं वीसवर, दाबला तं चाळीसवर. ते बिघडली नाही, बाई. ते मलेच इचारून राहिली होती."

त्या संध्याकाळी आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ किती वेळा चढलो-उतरलो, देव जाणे. "आता बदलन," दादा म्हणायचे आणि गाडी बदलायची. "आता नाही बदलू देत," म्हणायचे आणि ती गुरगुरत तशीच धावायची. एकदा त्यांनी पेडल तळाला नेलं. गाडीनं अशी उसळी घेतली की माझं पुस्तक मागच्या सीटवर जाऊन पडलं. "हेच का जी तुमचं अधोगमन?" दादांनी विचारलं. मी इतकी हसले की मला उचकी लागली. त्या दिवशी मी विलक्षण खूश होते.

दहाव्या दिवशी परीक्षा. साहेब मागे, मी पुढे, रस्ता कळमेश्वरचा. काटोल नाक्यापुढे चढ लागला तशी साहेबांनी माझ्या सीटची कड धरली. "गाडी ओरडतेय. गिअर का बदलत नाही?"

"राज्यपाल जोर करून राहिले, साहेब," दादा शांतपणे म्हणाले. "मीच त्याहिले थांबवून ठेवलं."

"राज्यपालांना?"

दादांनी पाय किंचित उचलला. गाडीनं अलगद गिअर बदलला. "आता जाऊ देलं," ते म्हणाले. साहेबांनी माझ्या सीटची कड सोडली.

परतताना मी तोंडात पदर कोंबून बसले होते, तरी हसू फुटत होतं. दादांचा डावा पाय ऐसपैस पसरला होता, निवांत. मी मागे वळून पाहिलं. साहेबांची मान खांद्यावर कलंडली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. ड्रायव्हरला याहून मोठा दाखला कोणी देत नाही, आणि दादांच्या मागे कितीतरी दिवसांत कुणी असा डोळा मिटला नव्हता. हसता हसताच माझे डोळे भरले. दादांनी आरशात बघितलं.

"हळू हसा, बाई," ते कुजबुजले. "साहेब झोपून राहिले."