शेवटचं लुगडं

पडदा वर जातो तेव्हा अकोल्यात मे महिन्याची दुपार आहे. जठारपेठेतल्या एका घराची ओसरी. डाव्या अंगाला घरघरणारा कूलर, त्याच्यातून गळणारं पाणी खाली ठेवलेल्या पातेल्यात टपटपतं आहे. मधोमध बंगई, आणि बंगईवर बनियन-पायजम्यातला सूर्यभान, वय सत्त्याहत्तर, दोन्ही पाय जमिनीला टेकवून झोका रोखून बसलेला. उजवीकडे लोखंडी फाटक. कडी वाजते आणि कौशल्या आत येते. एक्याऐंशीची बाई, डोक्यावर पदर, पदरावर ओला दुपट्टा, हातात काठीसुद्धा नाही. मागोमाग तिची सून आरती, पाण्याची बाटली घेऊन. पाणी अमरावतीहून आणलं होतं, यातच सगळं आलं. या घरचं पाणी प्यायचं नव्हतं.

सूर्यभान तिचा पाठचा भाऊ. या फाटकातून ती बारा वर्षांनी आत येत होती.

"कोन हाय?" सूर्यभानने विचारलं. कोण आहे ते त्याला चांगलं दिसत होतं.

"तुही बहीण. मेली नाई अजून."

"ते दिसून राहिलं. इतक्या उन्हात कावून आली?"

"म्हाताऱ्याइले एसटी फुकट झाली. आता भांडाले येनं परवडते."

त्याने बस म्हटलं नाही आणि ती बसली नाही. आरतीने भिंतीशी उभं राहण्यापुरती सावली शोधली.

"माह्या मातीची तयारी करून ठेवली म्या," कौशल्या म्हणाली. "लाकडं नाई, गॅसवर. राख कौंडण्यपूरले. रडनारी मानसं घरातलीच, बाहेरून बोलावाची नाई. सगळं आरतीले सांगून झालं. एकच गोष्ट राहिली, ते तुले सांगाले आली. मी मेली का तू लुगडं आनू नको."

सूर्यभानने पाय उचलले. बंगई कुरकुरत हलू लागली.

आमच्या वऱ्हाडात बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. सासरच्यांनी कितीही भारी नेसवलं तरी वरून भावाचं पडतं. भाऊ पोचेपर्यंत माती उचलत नाहीत. लोक उन्हात ताटकळतील, भटजी घड्याळ पाहतील, पण माहेरची वाट पाहायचीच.

"ते ठरवनं तुहं काम नाई," सूर्यभान म्हणाला. "लुगडं भावाचा हक्क असते. मी आनीन. मले कोन रोकते?"

"आरती रोकीन."

आरतीने बाटलीचं झाकण उगाच आणखी घट्ट केलं.

"आरती काय रोकीन बिचारी. तिथं गल्लीतल्या साऱ्या बाया बसल्या असतीन. त्याइच्यासमोर मी तुह्या अंगावर लुगडं टाकीन. अन तू पडली राहशीन. मुंडी तरी हालवनं होईन काय तुह्यानं?"

नेमकी हीच भीती कौशल्याच्या पोटात होती. जन्मभर ती जिभेच्या जोरावर जिंकत आली. मास्तर, सासू, गिऱ्हाईक, कोणाचं उसनं ठेवलं नाही. आणि शेवटच्या प्रवेशात, भरल्या मांडवात, तिला एकही वाक्य नाही. सूर्यभान येईल, लुगडं टाकेल, बायका म्हणतील, पाहा, भावाने शेवटी मोठेपणा दाखवला. आणि तिने तो मोठेपणा पांघरून गुमान जळायचं.

हे वैर सुरू झालं तेही एका साडीवरूनच. राजापेठेतल्या एका बोळात कौशल्याचं फॉल-पिकोचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिने दुसऱ्या बायांच्या साड्यांच्या कडा शिवल्या. साडी कोणत्याही रंगाची असो, फॉलचा शेवटचा टाका ती लाल दोऱ्याने घालायची. कोणी तक्रार घेऊन आलं तर लाल टाका पाहायचा. दिसला तर काम आपलं, फुकट दुरुस्त करून द्यायचं. नसला तर, चालते व्हा.

बारा वर्षांपूर्वी तिचे यजमान उत्तमराव गेले. तेरवीला रिवाजाप्रमाणे सूर्यभान बहिणीसाठी साडी घेऊन आला आणि मांडवात सगळ्यांसमोर तिच्या ओटीत ठेवली. कौशल्याचे डोळे रडत होते, पण बोटं सवयीने साडीच्या कडेवर गेली. कडेला सुईची भोकं, एका ओळीत. फॉल उसवलेला. आणि कोपऱ्यात राहून गेलेला लाल टाका. सूर्यभानच्या बायकोची, जमुनाची साडी. फॉल कौशल्यानेच लावून दिलेला. ती उभी राहिली आणि भरल्या पंगतीत म्हणाली, "माह्या भावानं मले बायकोची उतरलेली साडी आनली." सूर्यभान भरल्या ताटावरून उठला. जमुना त्याच्यामागे खाली मान घालून निघून गेली.

"कपाटात दोन सारख्या साड्या होत्या," बंगईवरून आता सूर्यभान म्हणाला. "एकीचा फॉल बदलाले उसवला होता. जमुनानं तवा घाईत भलतीच उचलली. कोरी घरीच राहिली. चूक झाली त मले आत बोलावून सांगाचं होतं. मांडवात कावून सांगतलं?"

"साडी तू मांडवात देल्ली. आत देल्ली असती, त आत सांगतलं असतं."

"जमुना मंग कोन्या पाहुन्यासमोर बाहेर निंगाली नाई. दोन वर्सं झाले तिले जाऊन. तू तिच्या मातीलेई नाई आली."

याचं उत्तर कौशल्याने मूर्तिजापूर येईपर्यंत एसटीतच जुळवून ठेवलं होतं. पण ती कूलरकडे पाहत राहिली.

सूर्यभानला तेवढी उसंत पुरली. तो उठून आत गेला आणि पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन आला. वर दुकानाचा कागद अजून चिकटलेला.

"पाय. तेरवी झाली त्याच हप्त्यात घेतली. शुद्ध रेशीम, जरीचा काठ, कोरी करकरीत. तुह्या मातीसाठी ठेवली. पयले साऱ्या बायाइले फिरवून दाखवीन का एकई भोक नाई. मंग टाकीन."

बारा वर्षं माणसाने बहिणीचं मरण खोक्यात जपून ठेवलेलं. आरतीने पदर तोंडाला लावला. हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना.

कौशल्याने खोका उघडला. डांबरगोळ्यांचा वास आला. जांभळी साडी होती, खरंच देखणी. बोटं पुन्हा कडेवर गेली. भोकं नव्हती, लाल टाका नव्हता. मग तिने पहिली घडी उलगडली आणि कापड बारीक आवाज करत घडीवर वीतभर फाटलं.

"काय केलं वं?" सूर्यभान पुढे झाला.

"म्या नाई केलं. रेशमाची घडी दर उन्हाळ्यात मोडा लागते, नाईतं घडीवरच फाटते."

ती साडी उजेडात धरून पाहत होती. कापडावर जुन्या घड्यांच्या पुसट रेघा होत्या, एकीशेजारी दुसरी, दर वर्षाला जागा बदललेली. कोणीतरी ही साडी वर्षानुवर्षं काढून, उलगडून, नव्या घडीवर ठेवत आलं होतं. फक्त शेवटची घडी बदलायची राहून गेली होती.

"जमुना मोडत होती घडी?"

"मले काय मालूम. तिचं कपाट होतं."

कौशल्याने साडी दुमडली, खोका बंगईवर टाकला आणि साडी काखेत मारली.

"ही मी घेऊन चालली. माहेरचं लुगडं भेटलं मले. आता तू हात हालवत येजो."

सूर्यभानने हलणारी बंगई हाताने थांबवली.

"हात हालवत? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, भाऊ रिकाम्या हातानं आला."

"मी दुसरं आनीन."

"बाईच्या अंगावर माहेरचं एकच पडते. दुसरं आनलं, त आरती साऱ्याइले सांगीन का पयलं फाटकं देल्लं होतं."

आरतीने या खेपेला मान हलवली. सूर्यभानने सुनेकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"पानी त पेऊन जाय," तो म्हणाला.

"आनलं हाय," कौशल्या म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

अमरावतीला आल्यावर तिने चार दिवस बसून त्या साडीला रफू केलं. असं रफू, की बोट फिरवल्याशिवाय समजू नये. मग मशीनवरची चादर काढली आणि साडीला फॉल लावायला घेतला. आरतीला राहवेना.

"आई, त्या साडीले फॉल कोनी लावते का? दोन घंट्यात जळून जाईन ते."

"मी बिनफॉलची साडी कधी नेसली नाई. चालताना पायात येते."

"तुमी कुठं चालनार हाय तवा?"

"तू तुहं काम कर," कौशल्या म्हणाली आणि शेवटच्या टाक्यासाठी सुईत लाल दोरा ओवला.

पुढे पौषात तिचा दम वाढला. मुलगा पियुष बडनेऱ्याहून ड्युटी सोडून धावत आला, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पियुषला बाहेर बोलावून घेतलं तेव्हा आरती एकटीच खाटेशी होती. साडी कपाटात तयार होती. वाट पाहायला लागू नये म्हणूनच तर सासूने हा सगळा खटाटोप केला, अशी तिची समजूत. तरी खात्री करून घ्यावी म्हणून ती वाकली आणि हळूच विचारलं, "आई, साडी त घरीच हाय. मंग अकोल्याच्या मामाजीसाठी थांबाचं नाई ना?"

कौशल्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला.

"थांबा. सूर्यभान आल्याबिगर मले उचलू नका. त्याले रिकाम्या हातानं उभं राहिलेलं पाहाचं हाय मले."