बाबांना दम लागत नव्हता

कोरोनाच्या काळात मी ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर होते. तातडीची नसलेली ऑपरेशनं बंद होती, त्यामुळे कधी नव्हे तो वाचायला वेळ मिळाला. भुलीच्या वायूंवर आणि गुदमरण्यावर सुरुवातीला संशोधन कसं झालं, ते मी वाचत होते. ते संशोधक प्रयोग स्वतःवरच करायचे. हवाबंद पेटीत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास आत साठू दिला, की तो धापा टाकायचा. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला आणि नुसता ऑक्सिजन कमी होऊ दिला, तर मात्र ओठ निळे पडले तरी तो मजेत असायचा.

दुसऱ्या लाटेत पुण्यात बाबांना ताप आला. भारताची विमानं बंद होती. रोज व्हिडिओ कॉल करायचा, एवढंच हातात होतं.

"ऑक्सिजन ब्याऐंशी दाखवतंय," एका दुपारी दादा म्हणाला. "मशीन बिघडलं असेल. बघ ना, बाबा मस्त शब्दकोडं सोडवतायत."

"तुझ्या बोटाला लाव."

त्याचं अठ्ठ्याण्णव आलं.

"बाबा, दम लागतोय?"

"अजिबात नाही. ज्यांना लागतोय त्यांना मिळू देत बेड."

बाबा फिजिक्सचे शिक्षक होते. नुसतं घाबरवून ते ऐकणार नव्हते, म्हणून मी त्यांना तो पेटीतला प्रयोग सांगितला.

"म्हणजे मी आत्ता त्या पेटीत बसलोय?"

"हो, बाबा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या चपला कुठेयत रे?" त्यांनी दादाला विचारलं.

दोन हॉस्पिटलांनी परत पाठवलं. तिसऱ्याने आधी खुर्चीत बसवूनच ऑक्सिजन लावला, बेड दुसऱ्या दिवशी मिळाला. त्या दिवशी मी हात मोडलेल्या एका खाणकामगाराला भूल दिली. काम नीट झालं. मग चेंजिंग रूममध्ये जाऊन रडले.

बाबा काही आठवड्यांनी घरी आले. सीमा उघडल्यावर मी पुण्याला गेले, तेव्हा ते बारीक झाले होते आणि जिन्यात मध्येच थांबत होते. तरी माझ्यासाठी आंबे आणायला दादाबरोबर स्वतः गेले. येताना पिशवी दादाच्या हातात होती. बाबा मागून सावकाश येत होते, आणि फळवाल्याने कसं फसवलं ते दादाला ऐकवत होते.