आईची अर्धी गोळी

माझ्या आईने चाळीस वर्षं शिंप्यांसाठी काजं-बटणं केली. एक काज कधी सुतभर सरकलं नाही. बाबांच्या हृदयात झडप बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळीही तीच द्यायची. रोज संध्याकाळी सातला, ब्लेडने बरोबर अर्धी करून.

बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. एका दुपारी दुकानातून फोन आला, नाकातून रक्त येतंय, थांबतच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत दोन टॉवेल भिजले होते.

"रक्त फारच पातळ झालंय," रिपोर्ट बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळी जास्त जातेय का? आणखी काही औषध चालू आहे?"

"छे हो. एवढी एकच. तीही ही देते तेवढीच," बाबा म्हणाले.

मी आईकडे वळलो. "अख्खी तर नाही ना दिलीस? तुला हल्ली दिसत नाही नीट."

चारचौघांत बोललो मी हे. तिचा चेहरा खर्रकन उतरला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण ती सबब आज मलाच पटत नाही.

बाबा घरी आले आणि गोळ्या मी माझ्या ताब्यात घेतल्या. आईने रिकामी पाकिटं काढून मोजली, पुन्हा मोजली. सगळं जुळत होतं.

"मग मोजतानाच चुकत असेन," ती पुटपुटली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा पुन्हा दुकानात जाऊ लागले. पंधरा दिवसांत दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून भळाभळा रक्त आलं. तपासणीत रक्त पुन्हा तेवढंच पातळ. आणि या वेळी प्रत्येक गोळी मी दिली होती.

आई चपला घालत होती. "घरात नाही, तर दुकानात काहीतरी आहे," एवढंच म्हणाली. बाबांना घेऊन मी तिच्यामागे निघालो.

दुकानात स्पिरिट आणि टर्पेंटाइनचा असा भपकारा की दुसरा वास कुणाला यावा? आईने खुंटीवरचा बाबांचा कामाचा शर्ट उलटा केला. उजव्या खांद्याला आतून तेलकट डाग होता. मग तिने खण ओढला. मलमाच्या सात रिकाम्या ट्यूब, शेजारी प्लास्टिकची गुंडाळी.

"घासून घासून खांदा भरून येतो गं," बाबा ओशाळले. "तीन-चारदा चोळतो, वरून प्लास्टिक बांधतो. ऊब राहते. मलमच तर आहे, औषध थोडंच!"

ट्यूब घेऊन तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला. त्यातलं सॅलिसिलेट हे दुखणं कमी करणारं द्रव्य कातडीतून रक्तात उतरतं आणि या गोळीचा जोर वाढवतं. प्लास्टिक बांधलं तर आणखीच जास्त उतरतं.

"चोळायचं असो की चिकटवायचं, तेही औषधच," त्या म्हणाल्या. "लावायच्या आधी मला विचारायचं."

दवाखान्याच्या जिन्यातच मी थांबलो. "आई, चुकलो गं मी."

"असू दे रे. बाबा वाचले ना," ती म्हणाली. मला वाटलं, मिटलं सगळं.

काही दिवसांनी बाबांची थांबवलेली गोळी पुन्हा सुरू झाली. मी पाकीट आईच्या हातात दिलं. तिने चष्मा पुसला, ब्लेडने गोळी कापली आणि तुकडा तळहातावर घेऊन बाबांकडे जायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बघ रे जरा, अर्धीच आहे ना?"

वर्ष झालं. अजून रोज विचारते.