दिवाळसणाची गिटार

पहिल्या दिवाळसणाला जावयाला काय हवं ते विचारायचं आणि जावयानं लाजून घड्याळ नाहीतर अंगठी म्हणायचं, अशी आमच्याकडे पद्धत. मी म्हटलं, "गिटार." सासूबाई चकली तळता तळता थांबल्या.

माझाही इलाज नव्हता. कॉलेजपासून एकाच प्रकारच्या गिटारीवर जीव जडला होता. पुढची फळी स्प्रूसची, मागची आणि बाजूची लाकडं शिसवी, वर पातळ मॅट फिनिश. तिचा आवाज एकदा मित्राकडे ऐकला आणि दुसरी कुठली आवडेना.

सासऱ्यांची चौक गावी लाकडाची वखार. भलतीच गिटार येऊ नये म्हणून मी त्यांना वखारीत बसून शिकवलं. जन्मभर लाकूड विकणाऱ्याला लाकूड शिकवायचा आगाऊपणा माझ्याच अंगात आहे.

"भोकाच्या कडेला बघा. थर दिसले तर प्लाय. रेषा वरून आत सलग गेल्या तर अस्सल. मागचं लाकूड आतून-बाहेरून सारखं दिसलं पाहिजे. रंगाचा जाड, चकचकीत थर असेल तर सावध, खाली काहीही दडवलेलं असतं. मॅट असेल तर लाकडाची नस बोटाला लागते."

त्यांनी मान डोलावली आणि स्प्रूस कसं असतं ते विचारलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. फिकट, हलकं, सरळ बारीक रेषांचं लाकूड. त्यांचा चेहराच उतरला.

"आवो, आसल्या लाकडाची खोकी बनवतात!"

"तेच वाजतं, बाबा. हलकं असतं म्हणून थरथरतं."

"बरं," ते म्हणाले. मला तो होकार वाटला.

दिवाळीला आम्ही कर्जतहून चौकला गेलो. ओवाळून झाल्यावर सासऱ्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि मांडी खाली दबली. मागे अस्सल शिसवी. पुढे मात्र लालसर, दारांना मारतात त्या पॉलिशनं लखलखणारी फळी. तिच्यात माझं कुंकू लावलेलं तोंड दिसत होतं. भोकाची कड पाहिली. थर नाहीत, रेषा सलग. माझ्या परीक्षेत ती पास होती. फक्त ते बोटभर जाड सागवान होतं.

"गिटार तुमी सांगितली तीच आणली," सासरे म्हणाले. "पन पुढची फळी बघवंना. मिस्त्रीला म्हनलं, काढ ती. पयल्या सनाला जावयाला खोक्याचं लाकूड दिलं तर गावात तोंड कसं दाखवू?"

मला खरंच रडू येत होतं. सगळे कौतुकानं बघत होते, म्हणून तारा छेडल्या. ठक, ठक, ठक. सासूबाई उठून दाराशी कोण आलंय ते पाहून आल्या. बायकोनं पदर तोंडात कोंबला.

"कशी हाय?" सासऱ्यांनी विचारलं.

आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. ते फळीवरून हात फिरवत होते.

"लेकीच्या कपाटासाठी ठेवलेली ही. लग्नात तुमी कपाट घेतलं नाय. तवापासनं आडोशाला ठेवली होती, कुनाला इकली नाय. म्हनलं, येवढी तरी तिच्या घरात जाऊ दे."

मी तोंड मिटलं आणि एक अख्खं गाणं वाजवलं. ते गाणं आहे हे कळावं म्हणून बायकोला बरोबर गावं लागलं. सासरे डोळे पुसत ऐकत होते.