पाळीवरची हाक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर दारात उभं केलं नाही. मी चिमूरकडचा, तलावातले मासे उचलून नागपूरला विकणारा; डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टोपलीला हात लावत नाही. म्हणून हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय...

मागच्या हिवाळ्यात दिल्लीच्या मोठ्या स्टेडियमवर माझ्या मुलीची पाच हजार मीटरची शर्यत होती. पहिल्या तिघींत आली तर राष्ट्रीय शिबिरात जागा. तिला पळायला शिकवलं माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे तिच्या मोठ्या बाबानं, गावतलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर. याच भावानं मासेमार संस्थेच्या भर सभेत मला 'दलाल' म्हटलं. धंदा मी स्वतःच्या हिमतीवर उभा केला — आणि सख्खा भाऊ दलाल म्हणतो! तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

शर्यतीच्या दिवशी स्टेडियमच्या गेटवर टोप्या विकणाऱ्याशी किमतीवरून माझी जुंपली.

"इथी तरी भाव करू नका जी," बायको म्हणाली. "पोरीची शर्यत निघून जाईन!"

"थो लुटून राह्यला, दिसत नाई तुले?"

टोपी न घेताच आत गेलो. भर दुपार, बहुतेक खुर्च्या रिकाम्या. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तरी मुलगी मागच्या घोळक्यातच अडकलेली.

आमच्याकडे जाळं ओढताना छातीभर पाण्यातल्या माणसांना मासळी दिसत नाही. पाळीवर एक जण उभा असतो. त्यानं हाक दिली की विचार न करता ओढायचं. गावात ती हाक भाऊचीच असायची.

समोरच्या रिकाम्या स्टँडमधून तीच हाक आली — "आताऽऽ... ओढ!"

मी ताडकन उभा राहिलो. भाऊचा आवाज... आणि घशाच्या ऑपरेशननंतर भाऊला आवाजच उरलेला नाही.

"काऊन उभे राह्यले?" बायकोला काहीच ऐकू आलं नव्हतं.

खाली मुलगी मात्र त्याच क्षणी बाहेरच्या बाजूनं सुटली. तिसरी आली! भेटल्या भेटल्या धापा टाकत विचारते, "बाबा, मोठ्या बाबाचा आवाज परत आला का?"

कुणी दुसराच ओरडला असेल, माझे कान वाजले असतील — पण मग तिचेही? खूप डोकं लढवलं.

त्या दिवशी तिथूनच गावी फोन लावला. वहिनीनं उचलला. भाऊ कुठं आहे, विचारलं.

"ते? आत्ताच पाळीवरून आले. नुसते तलावाकडे पाहत उभे होते. बोलता तर येत नाई त्यायले."

"द्या भाऊले."

'दलाल' शब्द अजून सलत होताच. तरी म्हटलं, "भाऊ... तिसरी आली."

पलीकडून नुसता श्वास. बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.