चाबी मागणाऱ्या पोरी

"नाटकातला 'संडास' हा शब्द काढून टाका," असं यवतमाळच्या त्या महोत्सवाच्या संयोजकांनी मला रंगभूषेच्या खोलीत सांगितलं, आणि मी "हो" म्हणाले. त्या माणसाचा मला राग आहेच. आमच्या गावच्या मुख्याध्यापकांचा त्याहून जास्त आहे. पण आधी माझा मला आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मी घाटंजीत एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. रविवारी दुपारी वाचनालय बंद असतं आणि मागचा हॉल रिकामा. तीन वर्षांपूर्वी मी तिथे आठवी ते दहावीच्या मुलामुलींना घेऊन नाटक करायला सुरुवात केली. कॉलेजात असताना मी नाटकात कामं करायचे, एवढंच माझं भांडवल. मुलं नऊ होती. सहा मुली, तीन मुलगे. कापूस वेचणीच्या दिवसांत चार-पाचच यायची, आणि आली तरी त्यांच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे असायचे. तरी एकांकिका, पथनाट्य, एकदा बाजाराच्या दिवशी वजनकाट्याच्या लबाडीवर केलेलं प्रहसन, असं बरंच काही त्यांनी केलं. त्या प्रहसनानंतर एका भाजीवाल्याने आम्हाला शिव्या घातल्या आणि दुसऱ्याने पिशवीभर वांगी दिली.

त्यांच्यात एक मुलगी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून सायकलने यायची. घरी गोरबोली, शाळेत मराठी, आमच्याशी वऱ्हाडी. तिन्हींची सरमिसळ ती मुद्दाम करायची आणि सगळ्यांना हसवायची. ती उभी राहिली की बाकीच्यांचं बोलणं आपोआप थांबायचं. अशी अभिनयाची ताकद मी कॉलेजात एकाही मुलीत पाहिली नव्हती.

एका रविवारी मी त्यांना म्हटलं, "रोज करता, पण घरी कधीच सांगत नाही, अशी एक गोष्ट सांगा."

मुलग्यांनी मोबाइल, विडी, गणिताच्या वहीतले खोटे गुण असं काय काय सांगितलं. तांड्यावरच्या मुलीचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मी शाळेत पानी पीत नाई."

"काहून?" मी विचारलं.

"पानी पेलं का संडासले जा लागते. संडासले कुलूप असते. चाबी मोठ्या सरच्या टेबलावर. चाबी मांगाले गेलं का सर म्हनतात, 'आताच तर सुट्टी झालती, आता काहून?' सगळ्याइच्या समोर. मंग मी जातच नाई. सकाई घरून निंगतानीच पानी बंद."

दुसरी म्हणाली, "मी बी." मग तिसरी. सहाच्या सहा मुली. सकाळी साडेनऊला घर सोडलेल्या मुली संध्याकाळी पाचपर्यंत घोटभर पाणी पीत नव्हत्या, आणि आपल्या इथला उन्हाळा काय असतो ते मी कुणाला सांगायला नको. तांड्यावरच्या मुलीला दोन वर्षं लघवीची जळजळ होती. तिची आई तिला धण्याचं पाणी द्यायची. ताप चढून ती दोनदा दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, पाणी भरपूर पी.

आमच्यात शेतकऱ्याघरचा एक उंच मुलगा होता, तिच्याच वर्गातला. तो खाली बघत म्हणाला, "मले हे मालूमच नव्हतं. आमी तर भिंतीमांगं जातो."

"तुमाले कायले मालूम राहीन?" ती म्हणाली.

त्या दिवशी नाटक तयार व्हायला लागलं. लिहिलेलं काहीच नव्हतं. करता करता संवाद ठरत गेले. उंच मुलगा मुख्याध्यापक झाला. ती झाली चाबी मागणारी मुलगी. दर प्रवेशात ती करंगळी वर करून विचारते, "सर, जाऊ का?" आणि सर दर वेळी नवं कारण काढतात. आधी हजेरी, मग पाहुणे, मग तपासणी, मग संडास घाण होईल म्हणून. मुलगी घरी आली की घटाघटा पाणी पिते, आणि तिची याडी, म्हणजे आई, गोरबोलीत ओरडते की हिला शाळेत पाणी मिळत नाही की काय. वीस मिनिटांचं नाटक. पहिली पंधरा मिनिटं माणसं हसतात, नंतर हसत नाहीत.

यवतमाळच्या महोत्सवाच्या तालुका फेरीत आमचा पहिला नंबर आला. प्रेक्षकांत बसलेल्या बाया शेवटी रडत होत्या. नऊ मुलं तो निकाल ऐकून अशी ओरडली की माइकवाल्याने कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक वाचनालयात आले. वर्तमानपत्र चाळल्यासारखं करून म्हणाले, "मॅडम, शाळेची बदनामी करून राह्यल्या तुमी."

"नाटकात कोणत्याच शाळेचं नाव नाही, सर."

"गावात हायस्कुलं किती हायेत? लोकाइले समजत नाई का?"

"मग कुलूप काढा ना सर. नाटकात दम राहणार नाही."

ते हसले. "कुलूप काढलं का पोट्टे घान करतात. आनि ह्या पोरीइची दहावी हाय औंदा. त्याइले इकडंतिकडं फिरवू नका. तोंडी परीक्षेचे मार्क आमच्या हाती असतात."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हवा-पाण्याच्या गप्पा मारल्यासारखं सांगितलं. त्या आठवड्यात एका मुलीच्या वडिलांनी तिला रविवारी पाठवणं बंद केलं. याडीची भूमिका तिच्याकडे होती. तांड्यावरच्या मुलीने तिच्या जागी आपल्या धाकट्या बहिणीला आणलं. तेरा वर्षांची ती पोर आईची हुबेहूब नक्कल करायची.

यवतमाळला आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. सकाळी मोठ्या सभागृहात पोचलो तर बाहेर स्वागताची रांगोळी, आत पहिल्या ओळीत सोफे. आमचा नंबर सातवा. मुली रंगभूषा करत होत्या तेव्हा संयोजक आत आले. कडक इस्त्रीचा झब्बा, छातीवर बिल्ला. कुठूनतरी त्यांना विषय कळला होता.

"मॅडम, विषय छान आहे. पण पाहुणे आहेत. 'संडास' शब्द काढा. 'स्वच्छतागृह' म्हणा."

मी म्हटलं, "मुली तसं बोलत नाहीत."

"मग बोलायला शिकवा ना. हा सांस्कृतिक मंच आहे. आणि शेवट नकारात्मक नको. मुख्याध्यापक स्वतःहून चाबी देतात, मुली आनंदाने टाळ्या वाजवतात, हात धुण्याचा संदेश. नाहीतर मला प्रवेशिका थांबवावी लागेल."

नऊ मुलं माझ्याकडे बघत होती. तोंडावर अर्धी पावडर, अर्धं तसंच. घाटंजीहून इतक्या लांब येऊन न करताच परत जायचं का, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. मी म्हटलं, "हो. करतो."

ते गेल्यावर मीच म्हटलं, "चला, एवढं बदलून टाकू. नाटक तर होईल." उंच मुलाने मान डोलावली. तांड्यावरची मुलगी आरशात बघून टिकली नीट करत राहिली.

नाटक सुरू झालं. 'संडास' आला तिथे मुलांनी 'स्वच्छतागृह' म्हटलं, आणि दर वेळी तो शब्द असा काही उच्चारला की मागच्या ओळींत हशा पिकला. पुढचे सोफे गप्प होते. शेवट आला. मुख्याध्यापक झालेल्या उंच मुलाने सांगितल्याप्रमाणे चाबी पुढे धरली आणि म्हणाला, "घे बेटा."

तिने ती घेतली नाही.

ती वळली, रंगमंचाच्या अगदी कडेला आली, सोफ्यांवर बसलेल्या पाहुण्यांकडे बघून करंगळी वर केली आणि शांतपणे म्हणाली, "सर, जाऊ का?"

आणि तशीच उभी राहिली. हे ठरलेलं नव्हतं. मी विंगेत होते. पाठोपाठ धाकटी बहीण तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, करंगळी वर. मग एक, मग दुसरी. सहाही मुली एका ओळीत. उंच मुलाने चाबी खिशात टाकली आणि तोही त्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. एकाने फोन काढून त्यात डोकं घातलं.

मग अगदी मागून एका बाईचा आवाज आला, "जाय वो माय! जाय! कोनाले इचारून राह्यली?"

हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. संयोजकांनी धावत जाऊन पडदा ओढायला लावला. पडदा पडला तरी मागच्या बाजूने टाळ्या थांबत नव्हत्या.

निकालात आमचं नाव कुठेच नव्हतं. पहिला क्रमांक झाडं लावा म्हणणाऱ्या गाण्याला मिळाला. त्या मुलांबद्दल माझं काही म्हणणं नाही, गोड गायली होती. आम्हाला परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद मिळाला. 'भाषा अशुद्ध. विषय मंचास न शोभणारा. शिस्तीचा अभाव.' संयोजक जाता जाता मला म्हणाले, "पोरी उद्धट आहेत तुमच्या." मी तेही ऐकून घेतलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

परतीच्या गाडीत कुणीतरी त्या मागच्या बाईची नक्कल केली आणि सगळी खिदळायला लागली. तांड्यावरची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुमी त्याइले 'हो' काहून म्हनलं?"

"मला भीती वाटली," मी म्हटलं.

"मले बी वाटलती," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

कुणीतरी शेवटचा भाग मोबाइलवर टिपला होता. तो फिरत फिरत कुठे कुठे गेला. बाभुळगावच्या एका शिक्षिकेचा फोन आला, नाटकाची संहिता पाठवा म्हणून. मी म्हटलं संहिता नाहीच, मुलीच येऊन शिकवतील. मुली गेल्या. एका रविवारी बाभुळगावच्या अकरा मुलींना त्यांनी नाटक बसवून दिलं, आणि तांड्यावरची दिग्दर्शक झाली. "तुमच्या शाळेत सर काय कारन सांगतात थेच घाला, आमचं नका घेऊ," असं ती त्यांना बजावत होती. मी कोपऱ्यात बसून चहा प्यायले. माझी काही गरज नव्हती.

तो व्हिडिओ तांड्यावरही पोचला. दोन्ही बहिणींची आई तोवर समजत होती की मुलीला उष्णता आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तांड्यावरच्या दहा-बारा बाया शाळेत गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसल्या आणि सांगितलं, "कुलूप निंगेलोक आमी बसतो." दुपारच्या सुट्टीआधी कुलूप निघालं.

पंधरा दिवसांनी शाळेत कार्यक्रम झाला. संडासाला रंग दिला होता, दारावर फीत होती. भाषणात मुख्याध्यापक म्हणाले की मुलींच्या आरोग्याची तळमळ त्यांना कित्येक वर्षं होती आणि हा त्यांचा उपक्रम आता सगळीकडे राबवला जावा. फोटोसाठी नाटकातल्या मुलींना मागे उभं राहायला बोलावलं. तांड्यावरची मुलगी जागेवरून उठली नाही.

मी तिसऱ्या ओळीत होते. भाषण चालू असतानाच उठले. "सर, हे खोटं आहे," मी म्हटलं. "दोन वर्षं या मुली पाण्याविना राहिल्या. चाबी तुमच्या टेबलावर होती. तुम्ही मला यांच्या मार्कांची भीती घातली. कुलूप यांच्या नाटकाने आणि यांच्या आयांनी काढलं. यांची नावं घ्या."

कुणीतरी "मॅडम, बसा, बसा" म्हणालं. माइकवर गाणं लावलं. नावं कुणी घेतली नाहीत. पण उंच मुलगा उठला आणि एकेकीचं नाव मोठ्याने घेत गेला, हजेरी घेतल्यासारखं, आणि मुली "हजर" म्हणत गेल्या.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या समितीने मला बोलावून सांगितलं की मागच्या हॉलची दुरुस्ती काढली आहे, रविवारचं काही दिवस बंद ठेवा. दुरुस्तीचं एक घमेलंही अजून आत गेलेलं नाही. ओळखीचे लोक म्हणतात, झालं ना काम, आता सोडून द्या. मला सोडून द्यायचं नाही. आजार त्या पोरीने भोगला, नाटक त्या पोरीने उभं केलं, आणि वर्तमानपत्रातल्या फोटोत फीत कापणारा हात दुसऱ्याचाच.

आम्ही आता तांड्यावर तालीम करतो, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत. मुलं चौदा झाली आहेत. तांड्यावरची मुलगी अकरावीला यवतमाळला आहे. रविवारी एसटीने येते आणि लहान मुलांना शिकवते. नाटक थांबवून "हे खोटं वाटून राह्यलं, परत कर" असं ती त्यांना सांगते. तिचं दुखणं बरंच कमी आहे, पूर्ण गेलेलं नाही. बाया धान्य निवडत बाजूला बसतात, आणि एखादा संवाद पटला नाही की मध्येच बोलतात. मागच्या रविवारी एका म्हातारीने आमचा अख्खा प्रवेश मोडीत काढला. तिचं बरोबर होतं. आम्ही तो पुन्हा बसवतो आहोत.